रक्तगट, रक्ताधान आणि पितृत्वाचा पुरावा : मद्रास व मुंबई येथील दोन घटनांच्या संदर्भात

इ. स. १९५१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एका दिवाणी वादात तोपर्यंत भारतीय न्यायालयांना फारशी परिचित नसलेली एक मागणी आली. औरसतेचा प्रश्न उपस्थित झाला होता आणि त्याच्या निर्णयासाठी रक्ताची तपासणी व्हावी, असे प्रतिवादीचे म्हणणे होते. अशा तपासणीची तरतूद कोणत्याही कायद्यात नव्हती. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ चा, म्हणजे न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा, आधार घेण्यात आला. इंग्लंडमध्ये न्यायालये अशी तपासणी मान्य करतात, हे दाखवण्यासाठी टेलरच्या न्यायवैद्यकावरील प्रसिद्ध ग्रंथातील एक उताराही वाचून दाखवण्यात आला. न्यायमूर्तींनी तो लक्षात घेतला आणि मागणी नाकारली. इंग्लंडमध्ये तसे होत असेल. परंतु पक्षकार आपले रक्त देण्यास राजी नसतील, तर त्यांच्यावर तशी सक्ती न्यायालय करू शकेल असे आपल्याला वाटत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नागपूरहून १९१४ पासून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९५१ सालच्या मद्रास विभागात पृष्ठ ९१० वर हा निर्णय छापला आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५२ च्या मे महिन्यात, लंडनच्या ‘लान्सेट’ या नियतकालिकात मुंबईतील तीन संशोधक आणि त्यांचे लंडनमधील चार सहकारी यांचे एक छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा न्यायालयाशी काहीच संबंध नव्हता. मद्रासचा निर्णय आणि मुंबईचा शोध या दोन घटना एकमेकींना अनोळखीच राहिल्या. तथापि त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तर रक्तगटाच्या पुराव्याचे सामर्थ्य नेमके किती आणि त्याची मर्यादा नेमकी कोठे, हे जितके स्पष्ट होते तितके ते एकेका घटनेच्या स्वतंत्र अभ्यासातून होत नाही.

‘रक्ताचे नाते’, ‘रक्तामांसाचा’, ‘एका रक्ताचे’ हे मराठीतील शब्दप्रयोग रक्तगटाच्या शोधापेक्षा कितीतरी जुने आहेत. कायद्याच्या परिभाषेतील ‘औरस’ हा शब्द मात्र रक्तावरून आलेला नाही. तो ‘उरस्’ म्हणजे छाती या संस्कृत शब्दावरून आला असून मनुस्मृतीने सांगितलेल्या बारा प्रकारच्या पुत्रांत औरस हा पहिला आहे. क्षेत्रज, दत्त, गूढोत्पन्न, कानीन इत्यादी इतर प्रकार पाहिले, म्हणजे पुत्रत्व ही केवळ जननाची बाब नसून समाजाने दिलेली मान्यता आहे, ही जाणीव त्या वर्गीकरणामागे होती हे लक्षात येते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाचे कलम ११२ वेगळ्या परंपरेतून आले; तरी त्याचा कल तोच होता. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत व माता अविवाहित राहिलेली असताना मूल जन्मले, तर तो त्याच्या औरसतेचा निर्णायक पुरावा मानावा. गर्भधारणेच्या संभाव्य काळात पतिपत्नींचा परस्परसंपर्क होऊच शकत नव्हता, एवढे सिद्ध झाले तरच अपवाद. हे कलम लिहिले गेले तेव्हा रक्तगट नावाची वस्तू कोणाला ठाऊक नव्हती. तो शोध आणखी अठ्ठावीस वर्षे दूर होता.

व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०० मध्ये एका तळटिपेत आणि १९०१ मध्ये स्वतंत्र लेखात असे दाखवले की, एका निरोगी माणसाच्या रक्तरसात दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी मिसळल्या असता काही वेळा त्यांच्या गुठळ्या होतात आणि काही वेळा होत नाहीत. या समूहनाला नियम आहे. पेशींच्या पृष्ठभागावर ए किंवा बी हा प्रतिजन असतो, दोन्ही असतात किंवा दोन्ही नसतात. आणि जो प्रतिजन स्वतःच्या पेशींवर नाही त्याच्या विरोधातील प्रतिपिंड रक्तरसात असतो. यातून ए, बी, एबी व ओ हे चार गट ठरले. माणसाचे रक्त माणसाला देण्याचे प्रयोग त्यापूर्वी एकोणिसाव्या शतकात होत होते आणि त्यांत काही जण वाचत, काही दगावत. त्याचे कारण आता कळले. रक्ताधानापूर्वी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तरस एकत्र करून पाहण्याची जी पद्धत आज प्रत्येक रक्तपेढीत पाळली जाते, तिचे मूळ येथे आहे.

न्यायवैद्यकाने हा शोध दोन वाटांनी उचलला. पहिली वाट डागांची. वाळलेल्या डागातील रक्त माणसाचे की जनावराचे, हे सांगणारी चाचणी पॉल उलेनहुट यांनी १९०१ मध्येच दिली होती. ट्युरिन येथील लिओने लाट्टेस यांनी १९१५ मध्ये वाळलेल्या डागाचाही गट ठरवता येतो हे सिद्ध केले. दुसरी वाट पितृत्वाची. रक्तगट आनुवंशिक असतात हे १९१० च्या सुमारास दिसून आले होते, आणि १९२० नंतरच्या दशकात फेलिक्स बर्नश्टाइन यांनी त्यांच्या आनुवंशिकतेचे गणित बिनचूक बसवले. जर्मन न्यायालयांत त्याच दशकात रक्तगटाच्या साक्षी होऊ लागल्या. १९२७ मध्ये एम व एन हे आणखी गट आणि १९४० मध्ये ऱ्हीसस घटक उपलब्ध झाल्याने या साक्षीचा पाया रुंदावला.

भारतीयांचा या इतिहासातील पहिला प्रवेश काहीसा अनपेक्षित आहे. पहिल्या महायुद्धात सालोनिका येथे लुडविक व हांका हिर्शफेल्ड या दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत बी गटाचे सर्वांत जास्त प्रमाण भारतीय सैनिकांत आढळले होते. नृवंशशास्त्रात या आकड्यांवरून पुढे बरेच अवाजवी सिद्धान्त रचले गेले. न्यायवैद्यकाच्या दृष्टीने त्यातील उपयुक्त गोष्ट साधी आहे. ज्या देशात ढोबळ मानाने तीन माणसांमागे एक बी गटाचा आहे, तेथे आरोपीच्या सदऱ्यावरील बी गटाचा डाग फारसे काही सांगत नाही.

मद्रासचा या क्षेत्राशी संबंध उच्च न्यायालयाच्या त्या निर्णयाहून शंभर वर्षे जुना आहे. भारतातील पहिली रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा मद्रास इलाख्यात १८४९ मध्ये स्थापन झाली. कलकत्ता (१८५३), आग्रा (१८६४) आणि मुंबई (१८७०) येथील प्रयोगशाळा त्यानंतरच्या. आरंभी तिचे मुख्य काम विषपरीक्षेचे होते. रक्ताच्या डागांचा प्रवास मात्र लांबचा असे. डाग रक्ताचा आहे एवढे प्रांतिक परीक्षकाने ठरवायचे आणि ते रक्त मानवी आहे की नाही याच्या निर्णयासाठी कापडाचा तुकडा कलकत्त्याच्या रक्तरसपरीक्षकाकडे जायचा. ‘मानवी रक्त, गट ठरवता आला नाही’ हे वाक्य जुन्या फौजदारी निर्णयांत वारंवार भेटते, त्यामागे हा विलंबही आहे. उष्ण आणि दमट हवेत घामाने भिजलेल्या सुती कापडावरील डाग लवकर बिघडतो. जंतूंच्या वाढीमुळे प्रतिजन नाहीसे होतात. क्वचित नसलेला प्रतिजन असल्याचा भासही होतो. समुद्रकाठच्या मद्रासमध्ये हे जितके खरे, तितकेच कोकणातही.

अशा अहवालांचे महत्त्व पुराव्याच्या एका सोयीमुळे अधिकच वाढले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ५१० आणि १९७३ च्या संहितेचे कलम २९३ यांनुसार सरकारी परीक्षकाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही वाचता येत असे. परिणामी अहवालातील एका ओळीची उलटतपासणी क्वचितच होई. १९८७ मध्ये ओरिसातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्टपणे सांगावे लागले की, कपड्यावर मानवी रक्त सापडले पण त्याचा गटच सिद्ध झाला नाही, तर तेवढ्याने आरोपीचा मृताशी संबंध जोडता येत नाही. आणि गट जुळला तरी? तरी तो दुजोरा देणारा पुरावा असतो, ओळख पटवणारा नव्हे.

येथे रक्तगटाच्या साक्षीचे मूळ स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. ही साक्ष केवळ वगळण्याची आहे. मद्रास न्यायालयापुढे वाचल्या गेलेल्या उताऱ्यात १९४२ च्या सुमाराचा एक इंग्रजी खटला होता. त्यात पती ओ गटाचा, पत्नी बी गटाची आणि मूल एबी गटाचे होते. एबी मुलाला एक जनुक ए आणि एक बी असे मिळालेले असते. आईकडे ए नाही. म्हणून तो पित्याकडून आला असला पाहिजे. ओ गटाच्या माणसाकडे ए जनुक नसतो. म्हणून तो पुरुष पिता नव्हे. याच्या उलट, तो पुरुष ए गटाचा निघाला असता, तर एवढेच म्हणता आले असते की तो पिता असू शकेल. त्याच्या गल्लीतले इतर ए गटाचे पुरुषही तसे असू शकले असते. चुकीच्या माणसावर पितृत्वाचा आरोप आला असता केवळ ए-बी-ओ गटांच्या आधारे त्याची सुटका होण्याची शक्यता युरोपीय लोकसंख्यांत पाचांत सुमारे एक एवढीच आहे.

वगळण्याची ही साक्ष तरी सर्वत्र मानली गेली का? चार्ली चॅप्लिन यांच्यावरील दाव्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १९४४ च्या तपासणीत आई ए, मूल बी आणि चॅप्लिन ओ गटाचे निघाले; म्हणजे ते पिता असणे शक्य नव्हते. तरीही १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातील ज्यूरीने त्यांना पिता ठरवले. तेथील कायदा बदलायला १९५३ साल उजाडले. मद्रासच्या न्यायालयाने सक्तीला नकार दिला तो या काळात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निर्णयाला केवळ मागासलेपणाचा शिक्का मारणे योग्य होणार नाही. न्यायमूर्तींचा आक्षेप विज्ञानावर नव्हता. व्यक्तीच्या शरीरातून तिच्या इच्छेविरुद्ध रक्त काढण्याचा अधिकार कायद्याने न्यायालयाला दिला आहे काय, एवढाच त्यांच्यापुढील प्रश्न होता.

आता मुंबईच्या टिपणाकडे वळावे. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना असे रक्त आढळले की ज्याच्या पेशींवर ए नव्हता, बी नव्हता. म्हणजे नेहमीच्या रीतीने ते ओ गटाचे ठरले असते. पण त्याच्या रक्तरसात मिसळल्यावर ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते, या समजाला हा सरळ धक्का होता. लंडनच्या सेंगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्या सहकार्याने उलगडा झाला तो असा : ए आणि बी हे प्रतिजन ज्या पायावर चढतात तो ‘एच’ नावाचा पाया ओ गटाच्या पेशींवरही असतो, या व्यक्तींच्या पेशींवर तोच नाही. पाया नसल्याने ए किंवा बी जनुक असला, तरी त्याचा मजला उभा राहत नाही. ‘बाँबे’ हे या गटाचे नाव पुढे जगभर रूढ झाले आणि शहराचे नाव बदलल्यावरही ते टिकले आहे.

टिपणातील शक्यतेला अमेरिकेतील फिलिप लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये प्रत्यक्ष कुटुंबाचा पुरावा दिला. एक स्त्री तपासणीत ओ गटाची दिसत होती. तरी तिच्याकडून मुलीला बी जनुक गेला होता. तिच्या शरीरात तो होता, दिसत मात्र नव्हता. आज याचे कारण जनुकांच्या पातळीवर सांगता येते. ए-बी-ओ जनुकाचे स्थान नवव्या गुणसूत्रावर आहे, तर एच पाया घालणारा जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. दोन्ही वारसे एकमेकांपासून स्वतंत्रपणे चालतात. आईबाप दोघांकडून दुसऱ्या जनुकाची निकामी प्रत आली, की बाँबे गट उद्भवतो. जवळच्या नात्यातील विवाहांत हे घडण्याचा संभव वाढतो, आणि महाराष्ट्रातील मामेबहिणीशी होणारे विवाह व तमिळ प्रदेशातील मामा-भाचीचे विवाह पाहता या दोन्ही प्रदेशांतील न्यायवैद्यकाला ही बाब परकी मानून चालणार नाही. भाटिया व साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईसाठी दिलेला अंदाज सुमारे ७,६०० व्यक्तींमागे एक असा आहे.

वर दिलेले इंग्रजी उदाहरण आता पुन्हा तपासून पाहावे. ओ दिसणारा पती बाँबे गटाचा असेल आणि त्याच्याकडे झाकलेला ए जनुक असेल, तर तो मुलाला मिळतो. आईकडून बी आणि एच हे दोन्ही मिळतात. मूल एबी होते. पिता तोच असतो आणि तपासणी मात्र त्याला वगळते. त्या विशिष्ट खटल्यात एम-एन गटांचीही साक्ष होती, त्यामुळे निष्कर्ष केवळ एका पद्धतीवर अवलंबून नव्हता. परंतु केवळ ए-बी-ओ गटांवर दिलेला ‘नाही’ हा निर्वाळा निरपवाद आहे, असे १९५२ नंतर म्हणता येत नव्हते. मद्रासच्या न्यायमूर्तींनी कायद्याच्या कारणासाठी जे नाकारले, त्यात विज्ञानाच्या बाजूनेही एक फट होती. ती त्यांना ठाऊक नव्हती आणि तेव्हा इतर कोणालाही नव्हती.

ही फट बुजवणे अवघड नाही. माणसाच्या रक्तरसाची ओ गटाच्या पेशींशी तपासणी केली, किंवा युलेक्स या काटेरी झुडपाच्या बियांच्या अर्काने एच पाहिला, तर बाँबे गट तत्काळ उघडा पडतो. रक्तपेढीत हे व्हावेच लागते, कारण अशा रुग्णाला केवळ त्याच गटाचे रक्त चालते आणि चूक झाली तर ती काही मिनिटांत रुग्णाच्या अंगावर येते. न्यायालयीन अहवालातील चूक अशी दिसत नाही. ती एखाद्या मुलाच्या नावापुढे आयुष्यभर राहू शकते. मराठी पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत बाँबे गटाचा उल्लेख दुर्मिळ रक्त म्हणून, काहीशा अभिमानाने होतो. पितृत्वाच्या पुराव्याशी असलेला त्याचा संबंध मात्र क्वचितच सांगितला जातो. मुंबईत १९५७ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे राष्ट्रीय संस्थेत रूपांतरित झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्राचे कार्यही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

रक्ताधानाचा न्यायवैद्यकाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो व्यवहारात अधिक वेळा येतो. वार झालेल्या किंवा अपघातातील जखमीला रुग्णालयात रक्ताच्या अनेक पिशव्या चढवल्या जातात. नंतर मृत्यू आला आणि शवविच्छेदनाच्या वेळी नमुना घेतला, तर त्यात त्याच्या स्वतःच्या पेशींबरोबर दात्यांच्या पेशीही असतात. तातडीच्या प्रसंगी ए किंवा बी गटाच्या माणसाला ओ गटाचे रक्त दिलेले असेल, तर गट ठरवणे संदिग्ध होते आणि घटनास्थळावरील डागाशी तुलना फसते. म्हणून रक्ताधानापूर्वी जुळणीसाठी घेतलेला नमुना राखून ठेवणे हे तपासाच्या दृष्टीनेही मोलाचे असते. रक्तपेढीच्या शीतकपाटातील ती छोटी नळी पोलिसांनी वेळेवर मागितली नाही, तर नियमाप्रमाणे तिची विल्हेवाट लागते.

रक्तगटांचे न्यायालयातील स्थान नंतर डीएनएने घेतले. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४-८५ मध्ये ही पद्धत मांडली आणि केरळमधील तलश्शेरी येथील न्यायालयात १९८९ मध्ये लालजी सिंग यांच्या साक्षीने ती पितृत्वाच्या प्रश्नात भारतात आली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे २१ मे १९९१ रोजी झालेल्या राजीव गांधी यांच्या हत्येच्या तपासातही हैदराबादच्या प्रयोगशाळेचे हे तंत्र उपयोगात आणले गेले; स्फोटाने छिन्न झालेल्या अवशेषांच्या बाबतीत चार गटांची विभागणी कितीशी उपयोगी पडली असती, हे उघड आहे. डीएनए ‘हो’ही म्हणू शकतो, आणि झाकलेला ए जनुक त्याच्यापासून लपत नाही. त्यालाही अपवाद नाहीत असे नव्हे. २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने नोंदवलेल्या एका प्रकरणात मूत्रपिंडरोपणासाठी तपासणी केलेली स्त्री आपल्याच मुलांची आई नाही असे रक्तावरून दिसले, तिच्या शरीरात दोन गर्भांच्या पेशी एकत्र वाढल्या होत्या.

मद्रासचा निर्णय मात्र विस्मरणात गेला नाही. १९९३ मध्ये पश्चिम बंगालमधील पोटगीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो सविस्तर उद्धृत केला आणि त्याच्या आधाराने सांगितले की, रक्ततपासणीचा आदेश सरसकट देता येणार नाही. संपर्काच्या अभावाची सबळ प्रथमदर्शनी बाजू हवी. मुलाला अनौरस आणि आईला कलंकित ठरवण्याचा परिणाम न्यायालयाने तोलला पाहिजे. आणि कोणावरही सक्ती करता येणार नाही. २००३ मध्ये यातील शेवटचा मुद्दा काहीसा सैल झाला. वैवाहिक न्यायालय वैद्यकीय तपासणीचा आदेश देऊ शकते आणि नकार दिल्यास प्रतिकूल अनुमान काढू शकते, असे तेव्हा ठरले. २०१४ मध्ये नागपूरहून गेलेल्या पोटगीच्या प्रकरणात तपासणी आधीच झालेली होती, एकदा नागपूरला आणि पुन्हा हैदराबादला. दोन्ही वेळा पतीचे पितृत्व वगळले गेले. तेथे सर्वोच्च न्यायालयाने कलम ११२ मधील गृहीतकापेक्षा विज्ञानाने सिद्ध झालेले सत्य वरचढ मानले. तर २०२३ मध्ये पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की, पत्नीच्या व्यभिचाराचा पुरावा मिळवण्याचा आडमार्ग म्हणून मुलाच्या डीएनएची तपासणी करता येणार नाही. त्या वादात मूल पक्षकार नसते आणि त्याचे स्वतःचे हित व खासगीपणा स्वतंत्रपणे जपावा लागतो.

नागपूर आणि पुणे येथील निर्णय परस्परविरोधी वाटले, तरी त्यांतील प्रश्न वेगळे आहेत. एकात तपासणीचा निष्कर्ष समोर होता आणि तो डोळ्याआड करता येत नव्हता. दुसऱ्यात तपासणी व्हावी की नाही हाच प्रश्न होता. मद्रासच्या न्यायालयापुढे १९५१ मध्ये होता तो हा दुसरा प्रश्न. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आहे. त्यात कलम ११२ चा क्रमांक ११६ झाला असून वैध विवाह, २८० दिवस आणि परस्परसंपर्काचा अभाव या तिन्ही अटी होत्या तशाच ठेवल्या आहेत. रक्ताचा किंवा डीएनएचा उल्लेख त्या कलमात नाही.